पाणी परतवणारा वारा

नारायणगावच्या बाजाराबाहेर टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि रस्ता कोरडाठाक होता. जुन्नर येईतो भुरभुर सुरू झाली. शिवनेरीचा माथा ढगात गेलेला. आपटाळे मागे पडलं तसा पावसाला जोर आला, चावंडच्या पायथ्याशी तो तिरपा झाला, आणि अंजनावळ्याच्या पुढे पाऊस कुठे थांबतो आणि ढग कुठे सुरू होतो हे सांगता येईना. द्राक्षांचे मांडव आणि कांद्याच्या चाळी मागे टाकून आम्ही भाताच्या खाचरांमध्ये आलो होतो. तालुका एकच, पण मुलूख दोन.

नाणेघाटाला कोकणातूनही चढता येतं. कल्याण-मुरबाडवरून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे पायवाट फुटते आणि दोन-तीन तासांच्या चढणीनंतर घाटमाथा लागतो. जुनी, खरी वाट तीच. तरी आषाढात मी जुन्नरकडून जाणं पसंत करतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना वाऱ्याने केलेल्या कामाचा हिशेब शेवटाकडून आरंभाकडे वाचता येतो. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या धारेवर आपलं बहुतेक ओझं उतरवतो आणि पूर्वेला सरकता सरकता रिकामा होत जातो. नारायणगावच्या कोरड्या रस्त्यावर त्याचं उरलंसुरलं पोचलेलं असतं. त्याचं खरं बळ पाहायचं तर घाटघरच्या कड्यावर जायला हवं.

वाटेत पूर गावाला कुकडेश्वराच्या दर्शनाला थांबलो. काळ्या पाषाणाचं कोरीव मंदिर चिंब भिजलेलं, आणि दगडी मूर्तींच्या कोपरांवरून, गुडघ्यांवरून पाणी ओघळत होतं. कुकडी नदीचा उगम इथलाच. माझ्याबरोबर आतेभाऊ होता. तो पाटबंधाऱ्याच्या कामातला माणूस. गाभाऱ्याबाहेर उभं राहून त्याने मला कुकडीचा सगळा प्रवास सांगितला. इथून निघालेलं पाणी माणिकडोहच्या धरणात थांबतं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशा पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो, आणि त्याच्या कालव्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. "तिकडचा शेतकरी आभाळाकडे बघतो, पण त्याचा पाऊस इथं पडतो," तो म्हणाला. हे वाक्य पुढे दिवसभर माझ्याबरोबर राहिलं.

घाटघरच्या खाचरांत आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, पाठीवर प्लास्टिकचे कागद पांघरलेले, एखाद्या म्हाताऱ्या डोक्यावर अजूनही घोंगडीची खोळ. बांधावरून मुठे तिरके पळत होते. डावीकडे जीवधन असणार हे ठाऊक होतं, पण किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका ढगाने पूर्ण गिळलेले होते. गाडी लावून पठारावर पाय ठेवला आणि छत्री उघडायचा विचार सोडून दिला. इथे छत्रीला कुणी विचारत नाही. वारा अंगावर येतो तो रेटा देत येतो. टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट बांधावी लागते आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

पठारावरचं गवत नुकतं वीतभर झालं होतं आणि सगळं एकाच दिशेला, पूर्वेकडे, झुकलेलं होतं. त्यात आषाढ आमरीची पांढरी फुलं जमिनीलगत उमललेली. एवढ्या वाऱ्यात ही नाजूक फुलं टिकतात कशी, असा प्रश्न पडला. जरा वाकून पाहिलं तर उत्तर तिथेच होतं. जमिनीपासून बोटभर उंचीवर वारा बराच मंदावलेला असतो, आणि ही फुलं तेवढीच उंची घेतात. या पठारावर जगायचं तर वाऱ्याशी जमवून घ्यावं लागतं. फुलांनी ते केलं आहे, गवताने केलं आहे, आणि घाटघरच्या घरांनीही. पश्चिमेकडच्या भिंतींना पेंढ्याचा नाहीतर ताडपत्रीचा आडोसा बांधलेला असतो आणि त्या बाजूचं दार चार महिने उघडत नाही.

कड्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. पुढे पांढरा पडदा होता. त्या पडद्याच्या आतून एक अखंड, जाड आवाज येत होता. पठारावरचे लहान ओहळ एकत्र होऊन कड्याकडे धावत होते आणि काठावर पोचल्यावर खाली जायचं सोडून उठून उभे राहत होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाणी काठ ओलांडतं, हातभर खाली जातं, तिथे त्याच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्या पुन्हा वर येतात, आपल्याच प्रवाहाच्या डोक्यावरून उडतात आणि मागे पठारावर पाऊस होऊन पडतात. ते पडलेलं पाणी पुन्हा ओहळाला मिळतं, पुन्हा काठाकडे निघतं. एकाच जागी पाणी जाताना आणि येताना दिसत राहतं. चेहऱ्यावर एकाच वेळी वरून आणि खालून पाऊस लागतो. खालून येणारे थेंब बारीक आणि टोचरे असतात.

मध्येच ढग फाटला. क्षणभर सगळं कोकण पायाखाली आलं: वैशाखऱ्याकडचं गर्द जंगल, त्यापलीकडे मुरबाडच्या बाजूची भातखाचरं, पाण्याने भरलेली, आभाळाचा उजेड परत फेकणारी. कड्याचे काळे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. त्याच थरांची ही उभी कापलेली बाजू. मग खालून ढगाचा लोट आला आणि खिडकी बंद झाली.

पाणी उलटं वर येण्याची ही किमया नेमकी कशी घडते ते समजून घेतलं की नवल कमी होत नाही, उलट वाढतं. समुद्रावरून सपाटीने आलेला वारा या शेकडो मीटर उंच भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो भिंतीला धरून वर चढतो. जिथे ओढ्याने कड्यात खाच पाडलेली असते तिथे तो त्या खाचेत कोंडला जातो आणि त्याचा वेग आणखी वाढतो. पडणारं पाणी मात्र अखंड राहत नाही, फुटून थेंब होतं. प्रत्येक थेंबाला पडण्याचा आपला वेग असतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटरने पडतो, एक मिलिमीटरचा सुमारे चार मीटरने, आणि तुषार त्याहून कितीतरी हळू. वर चढणाऱ्या वाऱ्याचा वेग थेंबाच्या पडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की तो थेंब खाली जाऊच शकत नाही. खळ्यावर धान्य उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस उडून जातं, तसा हा वारा पाणी निवडतो. जड थेंब कोकणात जातात, हलके परत येतात. म्हणून मोठ्या नदीचा धबधबा असा उलटत नाही. तिच्या पाण्याला वजन असतं. उलटतात ते हे छोटे ओहळ. आणि म्हणूनच वारा मंद असेल तर हाच धबधबा चारचौघांसारखा खाली पडताना दिसतो.

पठाराच्या कडेला एका टपरीत चहा घेताना मी तिथल्या बाबांना विचारलं, "बाबा, रोज असंच असतं का?" ते गावातलेच होते, घोंगडी पांघरून चुलीजवळ बसलेले.

"वारं कोकणातनं सरळ आलं तर असंच," ते म्हणाले. "वारं पडलं की पाणी खाली जातं. लोक मग नाराज व्हत्यात. पण आमाला कळतं, वारं पडलं म्हणजे पाऊसबी दोन-चार दिस उघडणार. मग आमी नांगरट, खतं, अशी कामं काढतो."

शहरातून आलेल्या माणसाला जो देखावा वाटतो तो घाटघरच्या शेतकऱ्याचा हवामानाचा अंदाज आहे. धबधबा उलटा असला की खाचरात पाणी असणार, सरळ झाला की उघडीप. मी त्या पाण्याकडे पुन्हा पाहिलं तेव्हा ते मला वेगळं दिसलं.

हा वारा येतो कुठून? दक्षिण हिंदी महासागरावरून तो निघतो, विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून केनिया-सोमालियापर्यंत वर येतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून अरबी समुद्र ओलांडतो. हवामानशास्त्रज्ञ त्या वेगवान झोताला सोमाली जेट म्हणतात. समुद्रावरून हजारो किलोमीटर येताना तो वाफ भरून घेतो आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचतो. त्याच्या वाटेवरचा पहिला मोठा अडथळा म्हणजे सह्याद्री. नाणेघाटाच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडावर जो वारा आपटतो, त्याने आफ्रिकेचा किनारा सोडल्यापासून वाटेत एकही डोंगर पाहिलेला नसतो.

आणि याच वाऱ्याने या घाटाला घाट केलं. त्यासाठी कड्यावरून मागे फिरून त्या अरुंद खिंडीकडे जावं लागतं. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, एकाच दगडातून कोरलेला. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पावसाने तो काठोकाठ भरला होता. रांजणाच्या पुढे दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मधून उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पायऱ्यांवरून पाणी खाली धावत होतं आणि खिंडीतून वारा वर धावत होता. हाताने कातळ धरत, एकेक पाऊल चाचपत आम्ही गुहेशी उतरलो.

गुहेत शिरलो आणि वारा एकदम बाहेर राहिला. कानांना तो शांतपणा सवयीचा व्हायला थोडा वेळ लागला. चौकोनी दालन, भिंतींलगत बसायचे दगडी ओटे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक प्राकृत लेख. ओलीने भिंती काळवंडलेल्या होत्या, तरी टॉर्चचा उजेड तिरका धरला की अक्षरांच्या खोबणी दिसत होत्या. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडलेला हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दानांची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं आणि हजारोंनी कार्षापण नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण दक्षिणेची नोंद आहे. हे आकडे अंकांत कोरलेले आहेत आणि भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या अंकांवर मोलाचं काम केलं.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्या नाहीत; कुणाच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण त्यांच्या डोक्यांवर कोरलेली नावं टिकली: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. सातवाहन घराण्याचा आरंभ सिमुकापासून झाला, या पुराणांतल्या उल्लेखाला इथे कातळाचा दुजोरा मिळतो. महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याने आपली ही माणसं कुठल्या राजधानीत, कुठल्या मंदिरात उभी केली नाहीत. ती उभी केली जकातीच्या वाटेवर, जिथे प्रत्येक येणारा-जाणारा त्यांना पाहील.

लेखाच्या आरंभीच्या नमनात कोण कोण आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचावंसं वाटलं. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, आणि चार लोकपाल: यम, वरुण, कुबेर, वासव. पावसाचा इंद्र आणि पाण्याचा वरुण दोघेही त्यात आहेत, आणि धनाचा कुबेरही. या खिंडीचं सगळं चरितार्थाचं गणित या नावांत आलेलं आहे.

कारण वारा, पाऊस आणि धन यांचा इथे थेट संबंध होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्याची बंदरं आहेत. सोपारा आहे, कल्याण आहे. घाटावरच्या बाजारपेठांत पैठण आणि तेर आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून भारताकडे जहाजं सोडायची ती जुलैच्या सुमाराला, म्हणजे ऐन नैऋत्य वाऱ्यात, असं तो ग्रंथ सांगतो. त्या वाऱ्याच्या भरवशावर नाविक किनारा सोडून भर समुद्रात शिरत, आणि जोर ओसरत आला की भारताच्या किनाऱ्याला लागत. जो वारा मुरबाडच्या बाजूचं पाणी घाटावर उडवतो त्यानेच कल्याणच्या खाडीपर्यंत मद्याचे कुंभ, तांबं, कथील, पोवळी पोचवली.

पुढे काम घाटाचं. पाऊस थांबला, वाटा सुकल्या की माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर चढून कल्याणहून मुरबाडमार्गे या पायऱ्यांनी वर येई, रांजणाजवळ जकात भरे, जुन्नरला थांबे आणि पैठणकडे निघे. उलट दिशेने सुती कापड आणि मौल्यवान खडे उतरत, आणि हिवाळ्यात वारा फिरला की जहाजं परत जात. वर्षाचे दोन वारे आणि त्यांच्या मधला हा घाट. नैऋत्येचा वारा माल आणी, ईशान्येचा नेई. आज ज्या महिन्यांत इथे सगळ्यात जास्त माणसं येतात, त्या महिन्यांत तेव्हा ही वाट बहुधा ओसच असणार. ओट्यावर बसलेला एखादा पहारेकरी बाहेर वाजणारा वारा ऐकत त्या वाऱ्यावर निघालेल्या जहाजांचा विचार करत असणार.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत, ती या व्यापाराच्या पैशावर. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, हा बौद्ध संघाचा नियम. म्हणजे लेणीसुद्धा पावसाने मागितलेली. त्यांतल्या शिलालेखांत तीन यवन (ग्रीक) दाते भेटतात. चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, चंद नावाच्याने दर्शनी भागाचं काम केलं, आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे कातळातली टाकी, खोदून दिली. समुद्रापलीकडे मूळ असलेल्या माणसाने या डोंगरात पावसाचं पाणी साठवण्याची सोय केली. या परिसरातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच आहे. यवनांना या देशाकडे आणणारा वारा आणि इरिलाची टाकी दरवर्षी भरणारा वारा एकच.

नाणेघाटच्या या लेखाकडे आधुनिक जगाचं लक्ष वेधलं ते १८२८ मध्ये, विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. हा गृहस्थ मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीच्या कामावर दख्खनभर हिंडत होता. पक्षी, मासे, शेती, लोकसंख्या यांच्या नोंदी तो करी. वायुभारमापक घेऊन हवेचा दाबही मोजी. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. शिलालेख उतरवणारा आणि हवेचा दाब मोजणारा हात एकच होता, याचा मला आनंद होतो. नाणेघाट समजून घ्यायचा तर दोन्ही नजरा लागतात.

गुहेतून वर आलो तेव्हा कड्याजवळ गर्दी वाढली होती. एक तरुण पाण्याची रिकामी बाटली कड्यावरून खाली भिरकावत होता, वारा ती परत आणतो का ते बघायला. पहिली परत आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी आली नाही. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "दादा, ती खाली गेली ती ओढ्याने उल्हासच्या खोऱ्यात जाणार आणि कल्याणच्या खाडीला लागणार." त्याने ऐकून घेतलं आणि उरलेल्या बाटल्या पिशवीत ठेवल्या. बोललं की बहुतेक माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. फक्त कुणीतरी बोलायला हवं.

काळजी वाटते ती काठाशी जाणाऱ्यांची. वारा अंगावर येत असतो तेव्हा माणूस नकळत त्याच्यावर रेलून उभा राहतो. तो रेटा क्षणभर थांबला तर तोल पुढे, दरीकडे जातो. खालचा कातळ शेवाळलेला असतो, आणि ढग आला की काठ कुठे आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात अशा ठिकाणांवर प्रशासन मनाईचे आदेश काढतं तेव्हा चिडण्यापेक्षा ते पाळावेत. हा धबधबा मागूनच चांगला दिसतो. परत येणारं पाणी तुमच्यापर्यंत आपण होऊन येतं, त्याच्यासाठी काठावर जावं लागत नाही. शनिवार-रविवार टाळून आलं तर गाव आणि घाट दोघांनाही सोसवतं.

दुपारी घाटघरमध्ये एका घरी जेवलो. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, आणि घरच्या भाताचा वाफाळता ढीग. मावशी आवणीहून नुकत्याच परतल्या होत्या. हात धुऊन लगेच चुलीशी बसल्या. पडवीत हिरड्याचं पोतं होतं. या भागातले महादेव कोळी शेतकरी उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि औषधांच्या व्यापारासाठी विकतात. रोख पैशाचा तो मोठा आधार. "मावशी, पाहुण्यांचा त्रास होतो का हो?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्रास कसला बाळा? जेवून जात्यात, दोन पैसं मिळत्यात. फक्त खाचरातनं चालू नका म्हणावं. रोप मोडलं की परत उभं राहत न्हाय."

दोन हजार वर्षांपूर्वी या घाटाने येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेतली आणि त्यातून राज्य उभं राहिलं. आजच्या येणाऱ्याने घाटघरला काही द्यायचं असेल तर ते असं: इथल्या घरी जेवावं, इथून बाळहिरडा किंवा तांदूळ विकत घ्यावा, खाचराचा बांध सोडू नये. हे मला रांजणात नाणं टाकण्याइतकंच योग्य वाटतं.

परतीच्या वाटेला ओहळांकडे पाहत आतेभाऊ म्हणाला, "एक गंमत बघ. धबधब्याचं पाणी खरं तर अरबी समुद्राचं. पण वाऱ्याने उडवलेला एखादा थेंब जरा लांब, या उताराच्या अलीकडे पडला, की तो कुकडीचा. मग घोड, भीमा, कृष्णा, आणि थेट बंगालचा उपसागर." सह्याद्रीची धार म्हणजे देशाच्या पाण्याची वाटणी करणारी रेघ, आणि घाटघरच्या पठारावर ही रेघ वाऱ्याच्या मर्जीने हातभर इकडेतिकडे होत असते. थेंबांच्या हिशेबात हे नगण्य आहे. पण धबधबा उलटवण्याचं बळ आणि कुकडीची धरणं भरण्याचं बळ वेगळं नाही. कड्यावर वर चढलेली तीच हवा आणखी वर जाते, थंडावते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते इथे बरसतं. चावंडच्या पायथ्याचा तिरपा पाऊस, माणिकडोहमध्ये चढणारी पातळी, श्रीगोंद्याचा ऊस आणि करमाळ्याच्या टोकाला कालव्याची वाट पाहणारं रान, सगळं त्या एका चढणीवर अवलंबून आहे.

म्हणून मला वाटतं, उलटा धबधबा ही या वाऱ्याची सगळ्यात लहान करामत आहे. त्याने जहाजं आणली, घाटाला राबतं केलं, एका राजघराण्याला धन दिलं, डोंगरात लेणी कोरवून घेतली, आणि आजही तो निम्म्या महाराष्ट्राची तहान या धारेवर उतरवतो. कड्यावरचा तमाशा दहा मिनिटांत पाहून होतो आणि तो पाहावाच, कारण एरवी न दिसणारा वारा तिथे पाणी हातात धरून आपल्याला दिसतो. पण नाणेघाटाला जाल तेव्हा आधी पायऱ्या उतरून गुहेत जा, भिंतीवरची नावं वाचा, इंद्र-वरुणाला केलेलं नमन शोधा, मग वर येऊन त्या वाऱ्यासमोर उभे राहा. मग तो नुसता अंगावर येणार नाही, ओळखीचा वाटेल. ज्याच्यावर आपण सगळे जगतो त्याची ओळख असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.